हाक ऐकू आली का?

बारामतीला मी गेले ती पेन्सिलीनं लिहिलेल्या एका ओळीपायी. ओळ माझीच. पुण्यात माझ्या टेबलावर बसून एका कादंबरीच्या हस्तलिखिताच्या समासात मी लिहिलं होतं, 'मुलाला हाक ऐकू आली का? वाचकाला कळायला हवं.'

पुस्तकांचं संपादन करणं हे माझं काम. मूळची मी राजापूरकडची, पण तीस वर्षं पुण्यात काढली. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या कादंबऱ्या फिरून फिरून एकाच प्रश्नाशी येतात, आपण कुठले? कुणाचं गाव धरणात गेलेलं असतं, कुणाचं कारखान्यांच्या वसाहतीत. कुणी शहरातल्या भाड्याच्या खोलीत आईची बोली विसरत चाललेला असतो. लिहिणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले आणि घरातले पहिलेच लिहिणारे. नवनाथ त्यांतला एक. बारामतीत कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्याची कादंबरी उजनीच्या पाण्यात गेलेल्या एका मेंढपाळ घराची आहे. तिचं नाव मी इथं देत नाही. त्या घरातली माणसं अजून आहेत.

तिच्यात एक प्रकरण आहे. धरणाचं पाणी गावात शिरतंय. सामान ट्रकवर चढलंय. म्हातारा बाप मागं राहिलेली लंगडी मेंढी आणायला परत जातो, ट्रक निघतो आणि मागून बापाची हाक येते. तीन दिवसांनी बापाचं प्रेत सापडतं. पहिल्या खर्ड्यात एवढंच होतं. माझी ओळ वाचून नवनाथनं चार वाक्यं वाढवली. मुलाला बापाची हाक ऐकू येते. ट्रक थांबवायचा तर टपावर थाप मारायची असते. तो हात उचलतो. थाप मारत नाही.

परीक्षणांत त्याच चार वाक्यांचं कौतुक झालं. मीही मनातून खूश होते. म्हातारा म्हणजे नवनाथच्या आईचे वडील आणि तो मुलगा म्हणजे त्याचे सख्खे मामा, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला तेव्हा ते कळलं. आदल्या वर्षी गणपतीनंतर मामाच्या गावानं त्याचा सत्कार केला होता. धरणामुळे उठलेलं ते गाव आता डाळजच्या शिवारालगत वसलंय. शाल, नारळ, भाषणं झाली आणि मुख्याध्यापकांनी कादंबरीतला 'हृदयस्पर्शी उतारा' म्हणून नेमकी तीच पानं वाचून दाखवली. मामा, म्हणजे तात्या, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले. ते उठले, घरी गेले. त्या दिवसापासून बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. दोन-तीन महिने तिनं वाट पाहिली आणि शेवटी मुलीकडे लोणी देवकरला निघून गेली. नवनाथला मामेभावांनी निरोप धाडला, इकडं फिरकू नकोस. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे लोक 'आबा मेंढीपायी गेले' म्हणत होते, ते आता 'ह्यानं बापाला पाण्यात सोडला' म्हणायला लागले.

"ताई, ती चार वाक्यं मी मनची लिहिली," नवनाथ म्हणाला. "मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून सुचलं. पण माझं आता कुणी ऐकत नाही. तुम्ही येऊन सांगाल का?"

मी मे महिन्यात गेले.

बारामती, कऱ्हाटी

बारामतीचे रस्ते रुंद आहेत, झाडं ओळीनं लावलेली आहेत आणि जिथं वळावं तिथं एक कॉलेज आहे. आमच्या राजापूरच्या बाजारपेठेत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. इथली ऐसपैस जागा बघून मला आधी बरं वाटलं आणि मग थोडं हरवल्यासारखं. नवनाथची खोली एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीला सत्काराची सन्मानचिन्हं टेकवून ठेवलेली, भिंतीकडं तोंड करून. त्यानं चहा केला. तो बारीक झाला होता.

"वर्गात कादंबरी शिकवताना मी पोरांना विचारायचो, तुमचं गाव कोणतं, आणि त्यावर लिहा म्हणायचो," तो म्हणाला. "आता नाही विचारत."

दुपारी त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही कऱ्हाटीला गेलो. बारामतीपासून लांब नाही, पण मुलूख बदलतो. उसाची गर्द हिरवी रानं मागं पडतात आणि तांबूस, उघडी जमीन सुरू होते. बांधावर बाभळी आणि एखादं लिंब. आमच्याकडे प्रत्येक घराला गडगा असतो, आत कोण बसलंय ते वाटेवरून दिसत नाही. इथं घर उघड्यावर उभं, चहूकडून दिसणारं. कोण आलं, कोण गेलं, हे मैलभरावरच्या माणसालाही कळावं.

नवनाथची आई शांताबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या आसपास, काटक. त्यांनी हातपाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायलाच बसवलं. हुलग्याची शेंगोळी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. आमच्याकडे हुलग्यांना कुळीथ म्हणतात आणि त्यांची पिठी पातळ करून भातावर घेतात. इथली शेंगोळी लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्श्यात शिजलेली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शांताबाईंनी न विचारता ताकाचं भांडं पुढं सरकवलं. मुलाला वाढताना त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या.

जेवण झाल्यावर नवनाथ शेळ्यांना पाणी दाखवायला गोठ्याकडं गेला. तेवढ्यात त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"पुस्तक तुमी काढलं?"

"काढणाऱ्यांतली मी एक."

"मी बारा वरसाची व्हते तवा. मला पुढं डायवरजवळ बसवलं व्हतं. मला काय बी ऐकू आलं न्हाय, दिसलं न्हाय. तिसऱ्या दिवशी आबांना बघितलं, ते बी लांबनं." त्या पदराच्या टोकाला पीळ घालत राहिल्या. "दादानंच मला वाढवलं. लगीन त्यानंच केलं. आन् आता ह्यो माझा ल्योक म्हणतो, दादानं हाक ऐकली व्हती. दिवाळीत भाऊबीजेला गेले न्हाय मी. कसल्या तोंडानं जाऊ? भाऊ खोटा का ल्योक खोटा, तेवढं मला सांगा."

"नवनाथनं ते मनानं लिहिलंय," मी म्हणाले. "मीच त्याला तसा प्रश्न विचारला होता. तुमच्या दादांचा त्यात काही दोष नाही. उद्या मी त्यांना तेच सांगायला चाललेय."

त्यांनी पदराचा पीळ सोडला. "मग तसंच सांगा त्याला. आन् तो काय म्हणतो ते मला येऊन सांगा."

मी हो म्हणाले. किती सहज हो म्हणाले, ते आठवलं की अजून लाज वाटते.

डाळज

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथनं मला सोलापूर रस्त्यावर डाळजच्या फाट्याला सोडलं. पुढं यायला त्याला बंदी होती. "मी भिगवणला थांबतो," म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

फाट्यावर चहाच्या टपरीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "गाव कुठलं?" एवढंच विचारलं. मी राजापूर सांगितलं आणि त्यांचं गाव विचारलं तर ते म्हणाले, "जुनं का नवं?" इकडं पाण्याखाली गावं गेलेल्या माणसांना दोन गावं असतात. लग्नपत्रिकेत नवं छापतात, नवस फेडायला जुन्याकडं तोंड करतात. नवनाथच्या कादंबरीत हे सगळं आलंय, पण कागदावर ते वाचताना मला सुंदर वाटलं होतं. त्या टपरीवर तसं वाटलं नाही.

तात्यांचं घर सिमेंटचं, पत्र्याच्या पडवीचं होतं. अंगणात तुळस वाळून गेली होती. पंच्याहत्तरीच्या घरातला, उंच, वाकलेला माणूस खाटेवर बसून दोरी वळत होता. मुलगे उसाला पाणी द्यायला गेले होते. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी दोरी खाली ठेवली.

"बसा. चहा न्हाय मिळायचा. करणारं माणूस न्हाय घरात."

मी पाठ करून आणलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. कादंबरी म्हणजे काय, लिहिणारा कसा रचतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पुस्तक आणलंय का?"

पिशवीत होतं.

"मग चला. जिथलं हाय तिथंच वाचा. हितं नगो."

त्यांनी काठी घेतली आणि चालायला लागले. मे महिन्यात उजनीचं पाणी ओसरतं आणि काठापासून पार लांबवर गाळाची काळी, भेगाळलेली जमीन उघडी पडते. लोक त्यात मका, काकडी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी परत आलं की जमीन पुन्हा सरकारची. आम्ही मक्याच्या तासांमधून गेलो आणि मग पीकही संपलं. दूर पाण्याच्या कडेला थोडे रोहित पक्षी उरले होते. बाकीचे उन्हाळा चढताना निघून गेले असावेत. वाळलेल्या शिंपल्यांचा आणि माशांचा वास येत होता. हा वास समुद्राच्या वासासारखा नाही, तो बंद खोलीसारखा असतो.

वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो, हे मला माहीत नव्हतं. एका जागी पाय टाकला आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले. दुसरा पाय टाकून सुटायला बघितलं तर तोही रुतला. मी घाबरून हात पसरले. तात्यांनी शांतपणे काठीचं टोक पुढं केलं.

"हलू नगा. काठी धरा. पाय वर वढू नगा, वाकडा करा."

त्यांच्या वयाच्या मानानं हातात जोर होता. मी बाहेर आले. एक चप्पल आतच राहिली. दुसरी हातात घेऊन मी अनवाणी त्यांच्यामागं चालत राहिले. जमीन तापलेली होती.

पुढं एक उंचवटा आला. घरांच्या जोत्यांचे दगड, बुजलेली विहीर, फुटलेल्या जात्याची एक तळी. "हे आमचं," तात्या काठीनं दाखवत म्हणाले. "ह्यो वाडगा, मेंढरं हितं बसायची. तो तिकडं रस्ता. हितं ट्रक लागलेला." मला नुसता चिखल आणि दगड दिसत होते. त्यांना सगळं दिसत होतं.

ते जोत्याच्या दगडावर बसले. "आता वाचा."

मी उभी राहून वाचलं. दोन पानं होती. शेवटची चार वाक्यं आली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकवेना, तरी वाचली. मग पुस्तक मिटून मी म्हणाले, "तात्या, ही शेवटची वाक्यं नवनाथच्या मूळ लिखाणात नव्हती. मी त्याला विचारलं म्हणून त्यानं घातली. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. हे सगळं मनचं आहे, खोटं आहे. मी गावात कुणापुढंही हे सांगायला तयार आहे."

ते पाण्याकडं बघत होते.

"त्याला त्याच्या मामीनं सांगितलं न्हाय?"

"नाही."

"कुणीच न्हाय?"

"कुणीच नाही. तो स्वतः मला म्हणाला. मनानं लिहिलं."

त्यांनी काठी दगडाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पुढचं ते अगदी हळू बोलले.

"बाई, ते खोटं न्हाय. मी हाक ऐकली व्हती."

मी पुस्तक पिशवीत ठेवलं.

"मी पुढं टपाशी उभा व्हतो. पाणी रस्त्याला लागलेलं. डायवर वराडत व्हता, आता थांबलो तर सगळीच जाल. आबा मेंढीकडं गेले तवा मी म्हणलं व्हतं, नगा जाऊ. गेले. मग हाक आली. मी हात उचलला बी व्हता. मला वाटलं, आबा माळाच्या वाटंनं येतील. मेंढरामागं सारी हयात त्या वाटंनं चाललेला माणूस. वाटलं, येतील." त्यांनी त्या वाटेच्या दिशेनं हात केला. "माळाच्या वाटंवर बी पाणी आलेलं, ते मला ठावं नव्हतं. का ठावं व्हतं, ते बी आता कळत न्हाय."

"आणि मामींना का...?"

"मी झोपंत बडबडतो. पहिल्यापासनं. त्या दिवशी मुख्याध्यापक वाचाय लागला तवा मला वाटलं, हिनं झोपंतलं ऐकलं आन् भाच्याला सांगितलं. न्हाय तर हात उचलल्यालं त्याला कसं कळावं? ते मी देवाला बी सांगितलेलं न्हाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिला इचारलं न्हाय मी. इचारायचं तर आधी माझं मला सांगावं लागलं असतं."

मी त्यांच्यासमोर त्या मातीत बसले. आयुष्यभर मी लिहिणाऱ्यांना सांगत आलेय की खरं वाटेल असं लिहा. पुण्यात, पंख्याखाली, त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यातली एकमेव झाकलेली गोष्ट मी पेन्सिलीच्या टोकानं उकरून काढली होती, आणि ती तिथं आहे हे मला ठाऊकही नव्हतं. माफी मागावी असं वाटलं, पण कशाची मागणार? खोटं छापल्याची माफी मी तयार करून आणली होती. ती आता उपयोगाची नव्हती.

"पुढच्या आवृत्तीत ती वाक्यं काढून टाकते," मी म्हणाले.

"आता काढून काय व्हणार? लोकांनी ऐकलंया." ते काठी घेऊन उठले. "उद्या माझ्यासंगं लोणी देवकरला याल का? एकट्यानं मला जमायचं न्हाय."

संध्याकाळी भिगवणला नवनाथबरोबर जेवले. खाणावळीत उजनीची चिलापी होती, लाल तिखटात माखून तव्यावर तळलेली. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशाला कुणी विचारत नाही आणि मी कधी खाल्लाही नव्हता. त्यानं दोनदा विचारलं, मामा काय म्हणाले. मी सांगितलं, तेच तुला सांगतील. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मासा आम्ही दोघांनीही अर्धा टाकला.

लोणी देवकर

भिगवणहून भाड्याची गाडी घेतली. तात्या धुतलेलं धोतर नेसून फाट्यावर उभे होते, डोक्याला टोपी.

लोणी देवकरला कारखान्यांची वसाहत आहे. रस्त्याच्या कडेला कंपन्यांच्या भिंती, त्यांच्या मागं कामगारांच्या चाळी. पाळी सुटायची वेळ होती. गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं घोळक्यानं चहाच्या गाड्यांवर उभी होती, बिहारकडची, मराठवाड्याकडची, आणि आसपासच्या गावांतली. तात्यांची मुलगी कमल अशाच एका चाळीत राहते. नवरा तिथल्याच कारखान्यात. कमल पंचेचाळिशीची, मऊ चेहऱ्याची. बापाला दारात बघून तिनं आधी पदर सावरला आणि मग आत बघितलं.

हौसाबाई, तात्यांची बायको, जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शेंगा फोडणं थांबलं नाही.

कमल चहा ठेवायला ओट्याकडं गेली. दोन खोल्यांचं घर, आतलं बाहेर सगळं ऐकू येत होतं. तात्या भिंतीशी बसले. मी दाराजवळ.

"ह्या पुण्याच्या बाई," तात्या म्हणाले. आठ महिन्यांत बायकोशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "पुस्तक ह्यांनी काढलंय. ह्यांनी सांगितलं, तू नवनाथला काय सांगितलेलं न्हाय."

"न्हाय सांगितलं."

"मला वाटलं, मी झोपंत काय बोललो आन् तू..."

"तुमी झोपंत मेंढरं हाकता," हौसाबाई म्हणाल्या. "दुसरं काय बी बोलत न्हाय."

तात्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं. काल मला सांगितलं होतं तेच, पण त्याहून थोड्या शब्दांत. हाक ऐकली. हात उचलला. थाप मारली नाही. ओट्यावर भांड्यांचा आवाज थांबला होता.

हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"तुमी पुढं टपाशी व्हता," त्या म्हणाल्या. "हाक मागनं आली. मागं मी बसले व्हते."

तात्यांनी मान वर केली.

"तुमच्या आधी मी ऐकली. मला तर आबा दिसत बी व्हते. कमरंइतक्या पाण्यात. खांद्यावर मेंढी व्हती." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "कमल मांडीवर व्हती, चार महिन्यांची. मला वाटलं, ट्रक थांबला तर पोर जाईल. मी तिचं तोंड पदरात झाकलं आन् तुमच्याकडं बघितलं. तुमी हात उचलला. मी मनात म्हणलं, नगा मारू."

कमल ओट्याला पाठ लावून उभी होती. चहा उतू गेला तरी तिनं गॅस बंद केला नाही. मी उठून बंद केला.

तात्या म्हणाले, "इतकी वरसं बोलली न्हाईस."

"तुमाला वाटत व्हतं, तुमी एकट्यानंच ऐकली. मला वाटलं, ऱ्हाऊ द्यावं तसंच. तुमालाच न्हाय सांगितलं, तर तुमच्या भाच्याला कशी सांगीन?"

"चल घरी," तात्या म्हणाले.

"न्हाय."

"चुकलं माझं."

"ते न्हवं." हौसाबाईंनी सूप पुन्हा पुढं ओढलं. "पन्नास वरसं झाली लग्नाला. एकदा इचारायचं व्हतं, तू सांगितलं का म्हणून. मी रोज वाट बघितली, आज इचारतील, उद्या इचारतील. भाकरी वाढली की तुमी तोंड फिरवायचा. आता हितं बरं हाय मला. पोरीला बी गरज हाय."

कमलनं उरलेला चहा कपांत ओतला. आम्ही तो प्यालो. निघताना तिनं बापाच्या पायाला हात लावला आणि बराच वेळ उठली नाही. हौसाबाई दारापर्यंत आल्या. कालपासून नव्या चपला घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. माझे अनवाणी पाय बघून त्यांनी कोपऱ्यातल्या आपल्या चपला पुढं सरकवल्या. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "घाला. ऊन लई हाय."

पुन्हा कऱ्हाटी

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, डाळजला का? तात्या म्हणाले, "कऱ्हाटीला." मग माझ्याकडं वळून, "शांतीला तुमी काय सांगू नगा. मी सांगतो."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटेतून मी फोन केला होता, त्यामुळे नवनाथ आमच्याआधीच येऊन अंगणात उभा होता. मामांना बघून तो पुढं झाला आणि पाया पडला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं न्हाय," म्हणाले. हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. मामा त्याला माफ करतायत असं त्याला वाटलं असावं. त्या वाक्याचा अर्थ त्याला पुढच्या दहा मिनिटांत कळला.

शांताबाई बाहेर आल्या. भाऊ ओट्यावर बसला, त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. तात्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. बायकोनं ऐकलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

नवनाथ मातीत खाली बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला विसरता येत नाही. स्वतः रचलेलं खरं निघाल्यावर लेखकाला आनंद होतो, असं मी कुठल्याशा व्याख्यानात म्हणाले होते.

शांताबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आबा काय म्हणाले?"

"काय म्हंजी?"

"हाक मारली म्हणतोस. काय म्हणून मारली?"

तात्यांना ते सांगणं सगळ्यांत जड गेलं.

"'आलो, आलो' म्हणाले. 'थांबा' न्हाय म्हणाले. त्यांना वाटलं, आपण थांबलोयच."

शांताबाई आत गेल्या. आम्ही तिघं बाहेरच होतो. गोठ्यातल्या शेळ्या दावणीला ओढ घेत होत्या, त्यांची वेळ झाली होती. शांताबाई तांब्या घेऊन आल्या आणि तो भावाच्या पुढ्यात ठेवला.

"पी," त्या म्हणाल्या. "आन् मग जा."

तात्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं पाणी प्याले. मग काठी घेऊन उठले आणि गाडीकडं चालायला लागले. शांताबाई तिथंच उभ्या होत्या. गाडी वळून रस्त्याला लागली, तेव्हा त्यांनी खाली बसून मूठभर राख घेतली आणि तो तांब्या घासायला लागल्या.